पेनांगची टोपी

मी पाठवलेला फोटो तुम्ही दोघांनी मोठा करून पाहिलात आणि उलट विचारलंत: अक्काआजीने इरकल लुगड्यावर, पदराच्याही वरून, क्रिकेटवाल्यांसारखी लाल टोपी का घातली आहे? आणि तिच्या शेजारी पांढरी टोपी घालून उभे असलेले गृहस्थ निवडणुकीला उभे आहेत का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. पहिल्याचं जरा लांबलचक आहे. फोनवर सांगायला घेतलं की तुमचे आजोबा मधे बोलतात आणि शेवट आधीच सांगून टाकतात, म्हणून लिहूनच पाठवते.

अक्का म्हणजे आजोबांच्या चुलत्यांची एकुलती एक मुलगी. आम्ही नांदेडला, ती लातूरला. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, पण जवसाची चटणी अजून स्वतः कुटते आणि दुसऱ्याने कुटलेली नावं ठेवत खाते. तिने तिच्या वडिलांना कधी पाहिलं नाही. ती आईच्या पोटात असताना ते पलटणीत भरती झाले, मलायाच्या लढाईवर गेले आणि परत आले नाहीत. लढाई संपली, जिल्ह्यातले काही लोक घरी आले, काहींच्या घरी गेल्याची बातमी आली. अक्काच्या घरी बातमीही नीट आली नाही.

आता आपल्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. घरातला कर्ता माणूस गेला की सगळं घर दुखवट्यात बसतं. कुणी कामाला हात लावत नाही. मग ठरलेल्या दिवशी मुलांचा मामा येतो, मुलाच्या डोक्यावर नवी टोपी घालतो, खांद्यावर टॉवेल टाकतो आणि म्हणतो, ऊठ, कामाला लाग. तिथे दुखवटा संपतो. चुलत्यांनी, चुलत भावांनी, म्हणजे भावकीने हे करायचं नसतं, कारण तेही दुखवट्यातच असतात. टोपी बाहेरून यावी लागते, आणि ती मामानेच आणावी लागते.

लढाई संपल्यावर अक्काचे मामा मुखेडजवळच्या त्यांच्या गावाहून बैलगाडीने आले. बहिणीला मुलगा नव्हता, म्हणून टोपी चार-पाच वर्षांच्या अक्काच्याच डोक्यावर घालायचं त्यांनी ठरवलं होतं. अक्काच्या आईने त्यांना दारातच थांबवलं. माणूस येणार आहे, टोपी परत न्या, म्हणाली. मामा जेवले, रडले आणि टोपी घेऊन परत गेले. अक्काची आई शेवटपर्यंत कुंकू लावत राहिली. एकदा दारातून परत पाठवलेली टोपी पुन्हा कुणी आणत नाही, त्यामुळे ती राहिलीच.

अक्काला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की तिच्यासाठी टोपी आणली होती आणि ती तिला मिळाली नाही. लहानपणी ती हे खेळणं हरवल्यासारखं सांगायची. पुढे मोठी झाली, लग्न झालं, नातवंडं झाली, तरी कुणी वडिलांचं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: पलटणीत हायेत. माझ्या लग्नात तिने मला हेच सांगितलं आणि मी नवी सून, कोणत्या गावी आहेत म्हणून विचारून बसले. सगळ्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या.

नंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही दोघांनी कंप्युटरवर शोधून काढलंत की सिंगापूरला एका टेकडीवर त्या लढाईचं स्मारक आहे, ज्यांचा देह सापडला नाही त्यांची नावं तिथे भिंतींवर कोरली आहेत, आणि त्यात अक्काच्या वडिलांचं नाव आहे. कोणत्या भिंतीवर, किती उंचीवर, तेही कळवलंत. त्याच सुमाराला तुमच्या बाबांनी आम्हाला मुंबईहून निघणाऱ्या लांबच्या जहाजाची सहल भेट दिली. कोची, कोलंबो, पेनांग, सिंगापूर आणि पुढे. हे ऐकून अक्काने लातूरहून फोन केला आणि म्हणाली, मी बी येते. जन्मात तिने आमच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिच्या मुलांनी तिकीट काढलं, आणि मी तिन्ही बॅगांना वेगवेगळ्या रंगाच्या फिती बांधल्या.

जहाजाचं वर्णन करत नाही, तुम्ही मोठी जहाजं पाहिली आहेत. फक्त जेवणघरातलं सांगते, कारण त्याचा पुढे संबंध आहे. जहाजावर बाहेरचं खाणं आणायचं नाही हा नियम मी अक्काला घरीच वाचून दाखवला होता. तरी तिच्या पिशवीतून चटणीचा डबा निघाला. चटणी म्हणजे खाणं नव्हे, तोंडी लावणं, असं तिचं म्हणणं. तो डबा घेऊन ती रोज खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायला निघायची, आणि तिथे रोज एक गृहस्थ आधीच बसलेले असायचे.

गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, टक्कल पडलेले, सत्तरीच्या आसपासचे. बरोबर पत्नी. पहिल्याच दिवशी त्यांनी नमस्कार करून सांगितलं, "आम्ही पुण्याचे." त्यांची मराठी इतकी स्वच्छ होती की ऐकताना आपणच बूट काढून बसावं. अक्काने त्यांचं नाव साहेब ठेवलं आणि त्यांच्याशी बोलणं बंद केलं. खिडकी ही पुणेकरांनी घेऊन ठेवली आहे, असं ती मला रोज सांगायची, त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू. साहेबांच्या पत्नीने मात्र दुसऱ्या दिवसापासून चटणी मागायला सुरुवात केली आणि अक्का ती द्यायची, कारण नाही म्हणण्यापेक्षा तिला दाद महत्त्वाची.

पेनांगला साहेबांनी उन्हासाठी एक टोपी घेतली. लाल रंगाची, पुढे झापड, आणि कपाळावर पिवळ्या धाग्याने इंग्रजीत गावाचं नाव. त्या टोपीवर त्यांचा फार जीव. जेवतानाही पत्नीने सांगितल्याशिवाय काढायचे नाहीत.

पेनांग सोडल्यावर अक्काने मला तिच्या बॅगेच्या तळातून एक पुडकं काढून दाखवलं. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून आणलेली पांढरी टोपी आणि कोरा टॉवेल. वैनी, कुणाला सांगू नको, म्हणाली. मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या आजोबांना सांगितलं, पण ते मोजत नाहीत.

सिंगापूरला सकाळी उतरलो. स्मारकाला जाणारी बस वेगळी होती आणि तिच्यात थोडेच लोक होते. आम्ही तिघं, साहेब आणि त्यांच्या पत्नी, परदेशी म्हातारे-म्हाताऱ्या, आणि आम्हाला फिरवणारी तिथलीच एक गाईड बाई. बाकी सगळं जहाज खरेदीला गेलं होतं. साहेब आपल्याच बसमध्ये आहेत हे पाहून अक्का म्हणाली, हितं बी खिडकी धरली असंल. धरली होती.

टेकडी हिरवीगार, गवत इतकं सारखं कापलेलं की आजोबा त्यावर पाय ठेवायलाच तयार नव्हते. पांढऱ्या दगडांच्या रांगा, आणि वर उंच भिंती, वरपासून खालपर्यंत नावांनी भरलेल्या. तुम्ही कळवल्याप्रमाणे मी भिंत शोधली, ओळ शोधली. नाव सापडलं. अक्काला इंग्रजी वाचता येत नाही. मी तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं. आजोबा चष्मा पुसायला लागले, तो आधीच स्वच्छ होता.

अक्का रडली नाही. ती म्हणाली, वरचा कोण हाय वाच. मी वाचलं, नाव पंजाबकडचं वाटलं. खालचा वाच. तो मद्रासकडचा असावा. बाजूच्या भिंतीवरची नावंही तिने माझ्याकडून वाचून घेतली, नवीन घर घेताना शेजारी कोण आहेत ते विचारावं तसं. मग म्हणाली, "बरं हाय. एकटे न्हाईत."

नंतर तिने पुडकं उघडलं, टोपी आणि टॉवेल गवतावर ठेवला, आणि भिंतीसमोर पूर्वेकडे तोंड करून मांडी घालून बसली. तिला खाली बसवायला एरवी दोन माणसं लागतात. त्या दिवशी ती एकटी बसली.

आजोबांनी पुढे होऊन टोपी उचलली. अक्काने त्यांचा हात धरला. तू भावकी, तुझ्या हाताची चालत न्हाई. आजोबा म्हणाले, अक्का, इथे परदेशात कोण बघायला बसलंय?

"वडील बघून राहिलेत की," अक्का म्हणाली.

आजोबांनी टोपी खाली ठेवली. मी तर त्यांच्याच घरात आलेली, मीही चालणार नव्हते. मग मी व्यवस्थित विचार करून सुचवलं की आपली गाईड बाई बाहेरची आहे, भली आहे, तिला विनंती करू. अक्काने विचारलं, तिचं आजोळ कोणतं? मग गवतावरच्या टोपीकडे पाहून तिनेच उरलेलं सांगून टाकलं. ही टोपी तर अशीही चालत नव्हती, कारण ती तिने स्वतः विकत घेतली होती. आपली आपण आणून कुणी डोक्यावर घालत नाही. हे तिला गंजगोलाईतल्या दुकानात उभी असतानाही ठाऊक होतं. मामा सगळे कधीच वारले, त्यांची मुलं जमीन विकून हैदराबादेत कुठे गेली ते कुणाला माहीत नाही. मग कशाला आणलीत, मी विचारलं.

"म्हटलं, वाटंत कुणी भेटंल," ती म्हणाली.

खाली बसजवळ गाईड बाईने छत्री वर केली. छत्री वर गेली की परत फिरायचं, हे तिने सकाळीच बजावलं होतं. जहाज कुणासाठी थांबत नाही. मी अक्काला उठायला सांगितलं. ती उठली नाही. असं अर्धं ठेवून कशी उठू, म्हणाली. मला तिचं म्हणणं पटत होतं आणि छत्रीही दिसत होती.

तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून साहेबांचा आवाज आला. त्यांच्या पत्नी दूर एका दगडाशी उभ्या राहून फोटो काढत होत्या आणि साहेब उन्हाने, भुकेने आणि छत्रीच्या धाकाने घायकुतीला आले होते. त्यांनी तोंडाशी हात धरून हाक मारली, "अगं ए, काय करून राहिलीस तिथं उन्हात? चल की लवकर, लई ऊन हाय!"

अक्काने मान वळवली. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी आम्हाला पाहिलं आणि ते खोकले.

अक्काने बसल्या जागेवरून त्यांना हाताने बोलावलं. ते आले. गाव कोणतं, तिने विचारलं. पुणे, साहेब म्हणाले. पुण्यात असं बोलत न्हाईत, खरं गाव सांगा. साहेब हसले. नोकरी पुण्यात झाली, मुलं पुण्यात आहेत, मूळचे आम्ही मुखेडकडचे, म्हणाले. मुखेडकडचे म्हणजे कुठले? त्यांनी गावाचं नाव सांगितलं.

ते अक्काच्या आजोळचं गाव होतं. लहान गाव, नकाशातही मुश्किलीने सापडेल असं. अक्काने खात्री करून घेतली. विहिरीजवळचं चिंचेचं झाड? आहे, साहेब म्हणाले, आता अर्धंच आहे. ओढ्यावरची फरशी? दर पावसाळ्यात वाहून जाते. मग तिने त्यांचं घर कोणत्या बाजूला म्हणून विचारलं, आणि साहेबांनी सांगितलं, ओढ्याच्या पलीकडे.

आपल्या गावांत ओढ्याच्या पलीकडे म्हटलं की सगळं कळतं. साहेबांनी तरी स्वच्छ सांगितलं. आम्ही बौद्ध. तुमच्या मामांचं घर मला माहीत आहे. माझे आजोबा त्या घरी कामाला जायचे, पण पायरीच्या खाली थांबायचे. हे त्यांनी रागाने सांगितलं नाही, चिंचेचं सांगितलं तसंच सांगितलं.

अक्का म्हणाली, "म्हंजे मामा झालात की. आईच्या गावचा बाप्या मामाच असतोय."

गावचं नातं असंच चालतं मुलांनो. आईच्या गावचे सगळे पुरुष मामा, मग ते कुणीही असोत. बोलण्यापुरतं तरी ते सगळ्यांना लागू असे. पायरी चढण्यापुरतं नसे. साहेबांनी नुकतीच त्याची आठवण करून दिली होती. अक्काने ते ऐकलं, शेजारचं गवत हाताने थोपटलं आणि म्हणाली, मामा, खाली बसा. मग टोपीची सगळी हकीकत सांगितली, बैलगाडीपासून.

साहेब ऐकत राहिले. मग आपली स्वच्छ मराठी परत आणून म्हणाले की छप्पन सालापासून त्यांच्या घरात असले विधी होत नाहीत, त्यांच्या वडिलांनी सोडले ते सोडले, तेव्हा मला माफ करा, आजी. आणि मी तुमच्यापेक्षा चांगला लहान आहे.

"विधी कुठाय? टोपी हाय," अक्का म्हणाली. मामा भाचीपेक्षा लहान असू शकतो, असंही तिने त्यांना समजावलं, तिच्या माहितीत तशी दोन घरं होती.

एवढ्यात त्यांच्या पत्नी येऊन पोचल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी निकाल दिला. घाला हो, रोज त्यांची चटणी खाल्लीय आपण.

साहेबांनी गवतावरची पांढरी टोपी उचलली. अक्काने मान हलवली. ही नको, ही माझी. मामाची लागते. साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा हात सावकाश स्वतःच्या डोक्यावर गेला. पेनांग सोडल्यापासून ती टोपी त्यांनी उन्हात एकदाही काढली नव्हती. त्यांनी ती काढली, झापडीवरची धूळ बाहीने पुसली आणि अक्काच्या पदरावर ठेवली. गळ्यातला नॅपकिन काढून तिच्या खांद्यावर टाकला. तो घामाने भिजलेला होता, पण तिने तो सावरून घेतला. आणि ते तसेच उभे राहिले, कारण पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

आता म्हणायचं असतं, अक्का म्हणाली. काय? ऊठ, कामाला लाग.

साहेब वाकले. त्यांचं टक्कल उन्हात लाल झालं होतं. त्यांनी पुण्याची मराठी वापरली नाही.

"ऊठ पोरी," ते म्हणाले. "कामाला लाग."

अक्का उठली. भिंतीला हात टेकून उठली, पण कुणाचा हात घेतला नाही. मग तिने गंजगोलाईची पांढरी टोपी झटकली आणि साहेबांच्या टकलावर घातली, कोरा टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला, कारण दारी आलेल्या मामाला मान दिल्याशिवाय परत पाठवत नाहीत. साहेबांच्या पत्नी हसता हसता गवतावर बसल्या. आमच्या घराण्यात ही पुढाऱ्यांची टोपी पहिल्यांदाच आली, सासरे बघायला हवे होते, म्हणाल्या. साहेब म्हणाले, अगं ही ती टोपी नव्हे, ही भाचीची आहे. छत्री घेऊन गाईड बाई तोवर वर येऊन पोचली होती. तिला काहीच कळलं नाही, पण तिने न सांगता फोटो काढला. तोच तुमच्याकडे आला.

बसमध्ये साहेबांनी खिडकी भाचीला दिली. आजोबांनी सगळा रस्ता मला विचारलं की आता साहेब आपले कोण लागतात. मी त्यांना सांगितलं की घरी जाऊन कागदावर मांडून बघू.

रात्रीच्या जेवणाला अक्का ती टोपी घालूनच आली. आजोबा म्हणाले, जेवताना तरी काढ. मामांनी घातलेली अशी लगेच काढत नाहीत, असं उत्तर मिळालं. समोर बसलेल्या ऑस्ट्रेलियाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी कौतुकाने विचारलं, टोपी छान आहे, पेनांगला घेतलीत का? मी अक्काला मराठीत सांगितलं. अक्काने घास खाली ठेवला.

"सांग तिला," ती म्हणाली, "माझे वडील वारले. मामानं घातली."

मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं आहे. जसं होतं तसं सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. त्यांनी अक्काच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या हाताकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, आणि फार हळू आवाजात विचारलं, कधी?

"आज सकाळी," अक्का म्हणाली.

मी तेही सांगितलं. बाई उठून आल्या, त्यांनी अक्काला जवळ घेतलं, आणि वेटरला बोलावून तिच्यासाठी आईस्क्रीम मागवलं. ते आल्यावर बाईंनी आपलंही पुढे सरकवलं. अक्काने दोन्ही संपवली.